झारेम्बाच्या आभाळातली अक्षरे

त्सुकुबा
८ सप्टेंबर २०२४

ती. स्व. श्रीहरीमामांस सुरुचीचा सा. न. वि. वि.

तुमचं १९ ऑगस्टचं पत्र सोळाव्या दिवशी मिळालं. फोनवर तुम्हाला ऐकू येत नाही आणि व्हिडिओ कॉलवर तुम्ही फक्त कपाळ दाखवता, त्यामुळे पत्रंच बरी, हे मला मान्य आहे. तुमच्या निहारदादाचा नागोयाहून फोन होता. बाबांना पत्र लिहायला वेळ मिळत नाही, तू लिहितेस तेव्हा माझाही नमस्कार घाल, असं म्हणाला. घातला.

काल तोयोसुला माझ्या मैत्रिणीकडे, तन्वीकडे, गणपतीला गेले होते. पस्तिसाव्या मजल्यावर आरती झाली. टाळ हळू वाजवा, खालचे शेजारी तक्रार करतात, असं तन्वी दोनदा म्हणाली. तिची मुलं आरतीला नीट उभी राहिली, पण अजून किती कडवी उरली आहेत ते एकमेकांना जपानीत विचारत होती. परतीच्या गाडीत मी झोपले आणि शेवटच्या स्टेशनावर उठले. ते माझंच स्टेशन असल्यामुळे नुकसान झालं नाही.

आता कामाचं. माझं काम जुन्या कागदांचे वेगवेगळ्या प्रकाशात फोटो घेऊन शाई तपासण्याचं आहे, हे तुम्हाला माहीत आहे. इथून तासाभरावर एक छोटं खासगी संग्रहालय आहे. त्यांच्याकडे चोवीस शिळाछाप चित्रांचा एक संच आहे, व्हिस्तुला नदीकाठच्या दृश्यांचा. चित्रकाराचं नाव कायेतान झारेम्बा. हा पोलंडमधल्या पहिल्या शिळाछापवाल्यांपैकी एक. वॉर्सात चित्रकला शिकला, मग म्युनिकला जाऊन दगडावर छापायला शिकला. ती कला निघून तेव्हा वीसेक वर्षंच झाली होती. १८२० साली परत येऊन त्याने स्वतःचा छापखाना काढला. गावं, नद्या, शेतकऱ्यांचे पोशाख, चर्चमधल्या मूर्ती यांची चित्रं काढून छापली. पोटासाठी गाण्यांची पुस्तकं, लेबलं, सरकारी तक्तेही छापले. १८३० च्या शेवटी तिथे रशियाच्या झारविरुद्ध उठाव झाला आणि वर्षभरात मोडला. हा संच त्यानंतरच्या हिवाळ्यातला आहे.

सतरावं चित्र नदी ओलांडणाऱ्या तराफ्याचं आहे. वर मोठं मोकळं आभाळ. साध्या डोळ्यांना तिथे कागद जरासा मळका वाटतो. अवरक्त प्रकाशात फोटो घेतला तेव्हा त्या मळकटपणात अक्षरं दिसली. उलटी, म्हणजे डोकं खाली पाय वर अशी. नऊ ओळी. प्रत्येक ओळीत एक नाव आणि पुढे आकडे. आमचे प्रमुख होरिउची-सेन्सेई आणि संग्रहालयाच्या निशिओ-सान यांचं मत असं, की ही उठावात पकडल्या गेलेल्या माणसांची यादी असावी आणि झारेम्बाने ती आभाळात लपवली असावी. जुलैत छापलेल्या अहवालात मीच लिहिलं, की अक्षरं हेतुपुरस्सर काढलेली आहेत.

तुम्ही सांगलीच्या प्रेसमध्ये पंधरा वर्षं दगडांवर काम केलंत, म्हणून दोन फोटो पाठवते आहे, एक साधा आणि एक अवरक्त. इतकी फिकट अक्षरं दगडावर काढायची कशी, एवढंच सांगा. आम्हाला इथे ते करून दाखवता आलेलं नाही.

मामींना नमस्कार. त्यांचा गुडघा कसा आहे ते तुम्ही लिहीत नाही, तेही लिहा.

तुमचा लोभ आहे तितका राहो, ही विनंती.
सुरुची

*

सांगली
२७ सप्टेंबर २०२४

चि. सुरुचीस अनेक आशीर्वाद.

तुझं पत्र म्हणजे लॅबचा रिपोर्ट असतो गं. टाळ हळू वाजवले एवढंच काय ते मला हसायला मिळालं. तुझ्या मामीला वाचून दाखवलं तर ती म्हणाली, पोरगी जेवते का ते कुठे लिहिलंय? गुडघा आहे तसाच आहे. डॉक्टर गुडघा बदला म्हणतात, मामी डॉक्टर बदलते.

निहारला सांग, नमस्कार पोचला, वेळ मिळाला की तोही पाठव.

झारेम्बा हे आडनाव मला आधी मालवणकडचं वाटलं. दोन दिवस भिंग घेऊन गॅलरीत बसलो होतो. माणूस पक्का आहे. तराफ्यावरच्या घोड्याचे कान बघ. भेदरलेल्या घोड्याचे कान असेच मागे जातात, हे दुसऱ्याची चित्रं बघून येत नाही. हा घोड्यांत वाढलेला असणार. पाण्याच्या रेघा खडूने काढल्यात, पण दोर शाईने, बारीक निबाने. दगडावर असा दोर ओढायला मनगट लागतं. बायकांच्या ओढण्या मात्र त्याने उरकल्यात.

आता तुझी अक्षरं. रागावू नकोस, पण ती कुणी काढलेली नाहीत. ती पुसायची राहिलेली आहेत.

तुला वाटतं दगड म्हणजे फळा, पुसला की गेलं. तसं नसतं. शिळाछापाची शाई तेलकट, ते तेल दगडात मुरतं. एक काम छापून झालं की तोच दगड घासून दुसऱ्या कामाला घ्यायचा. चांगले दगड तेव्हा परदेशातून यायचे, ढिगाने कोण ठेवणार? एका दगडावर वाळू आणि पाणी घालायचं, वर दुसरा दगड पालथा ठेवायचा आणि इंग्रजी आठचा आकडा काढल्यासारखा फिरवत राहायचा. आधी जाड वाळू, मग मध्यम, मग बारीक. नखाएवढा थर गेला पाहिजे. घाई केलीस तर दगड वरून कोरा दिसतो, पण तेल खाली बसलेलं असतं. नवं चित्र छापायला घेतलं की ते हळूहळू शाई धरायला लागतं. आम्ही म्हणायचो, जुनं वर आलं.

आणि उलटं का, तर दगडाला डोकं-पाय नसतात. घासून झाल्यावर दोघं उचलतात आणि जसा हातात येईल तसा ठेवतात. मोकळ्या आभाळातच दिसतं, कारण बाकी ठिकाणी नवं चित्र त्याच्यावर बसलेलं असतं.

तुझ्या साहेबांना हे आवडणार नाही. पण मी पहिली सहा वर्षं फक्त दगडच घासले आहेत, त्यामुळे एवढं तरी मला कळतं.

मामी म्हणते, थंडी पडायच्या आत जाड पांघरूण घे. तिकडे मिळत नसेल तर निहारकडून माग.

आमची माया कागदावर मावत नाही, उरलेली ओळखून घे.
श्रीहरीमामा

*

त्सुकुबा
२० ऑक्टोबर २०२४

ती. स्व. मामांस सा. न. वि. वि.

पत्र मिळालं. मी जेवते. पांघरूण आहे.

घोड्यांबद्दल तुमचं बरोबर आहे. झारेम्बाचे वडील लुब्लिनजवळ मालाच्या गाड्या हाकत. हे मी तुम्हाला लिहिलं नव्हतं. तुमचं वाक्य सेन्सेईंना इंग्रजीत सांगितलं. ते बराच वेळ घोड्याच्या कानांकडे बघत राहिले. मग अक्षरांबद्दलचं सांगितलं, तेव्हा त्यांनी मान हलवली आणि म्हणाले, रोचक आहे, विचार करायला हवा. इथे याचा अर्थ ‘नाही’ असा होतो.

माझ्याही शंका आहेत. झारेम्बा काटेकोर माणूस होता. बाकीच्या तेवीस चित्रांत असं काहीही सापडलेलं नाही. एकाच चित्रात घासणं कमी पडलं आणि तेही नेमकं सर्वांत मोकळ्या आभाळाच्या चित्रात, हा योगायोग मला मोठा वाटतो. तुमचं म्हणणं चूक आहे असं मी म्हणत नाही. ते मला मोजता आलेलं नाही.

एक गोष्ट तुम्हाला माहीत असावी म्हणून लिहिते, आईला सांगू नका. माझी नेमणूक ३१ मार्चला संपते. पुढच्या तीन वर्षांचा निधी मागणारा अर्ज माझ्या नावाने गेला आहे आणि तो या नऊ ओळींवर उभा आहे. निकाल मार्चच्या आरंभी लागेल. फेब्रुवारीत संग्रहालयात प्रदर्शन आहे, त्याची जाहिरात छापून झाली आहे. त्यावर ते आभाळ आहे, अक्षरं सोनेरी केलेली. अर्ज मंजूर झाला तर मी इथे राहीन. नाही झाला तर इथलं घर संस्थेचं आहे, तेही जाईल.

मी चौतीस वर्षांची आहे आणि ही माझी तिसरी तात्पुरती नेमणूक आहे. दर दोन वर्षांनी खोकी भरायचा मला कंटाळा आला आहे. हे तक्रार म्हणून लिहिलेलं नाही.

अपूर्वा म्हणून नाशिकची एक विद्यार्थिनी आमच्या गटात पीएच.डी. करते, दुसरं वर्ष. फोटोंवरची सगळी प्रक्रिया तिने केली. तिचं म्हणणं असं, की मामांना विचारा, हे तपासायचं कसं? मला तो प्रश्न सुचायला हवा होता. तर तपासायचं कसं?

दिवाळीचा फराळ पाठवू नका. मागच्या वेळी चकल्यांचा चुरा आला आणि कस्टमच्या कागदावर त्याला यंत्राचे भाग म्हटलं होतं.

कृपादृष्टी असावीच, शिवाय उत्तर लवकर यावं.
सुरुची

*

सांगली
६ नोव्हेंबर २०२४

चि. सुरुचीस अ. उ. आ.

यंत्राचे भाग मीच लिहिले होते. पोस्टातला माणूस म्हणाला, खाण्याचं लिहिलं तर उघडतात.

तपासणं सोपं आहे. त्याच चित्राचा दुसरा कागद शोध. छपाईच्या सुरुवातीचा मिळाला तर उत्तम. मुद्दाम काढलेलं अक्षर पहिल्या कागदावर सगळ्यात ठसठशीत असतं आणि छापता छापता झिजत जातं. वर आलेलं जुनं याच्या बरोबर उलट. पहिल्या कागदांवर आभाळ स्वच्छ असतं, मग शंभरदोनशे कागदांनंतर मळ दिसायला लागतो आणि वाढत जातो. कुठला कागद आधीचा ते त्या दोरावरून कळेल. बारीक रेघ आधी मरते, म्हणजे फुगते आणि तुटायला लागते.

शोधायच्या आधी एक विचार कर. एकदा बघितलंस की न बघितल्यासारखं करता येत नाही. तीन वर्षांची नोकरी आहे. मी तुला शोधच म्हणणार नाही आणि नकोही म्हणणार नाही. आईला सांगणार नाही.

अपूर्वा हुशार दिसते. तिला माझे आशीर्वाद.

मामीचा निरोप, एकटीने राहायचं तर पोटभर तरी राहावं. बाकी लोभ वाढता आहे, कमी करायचं वय गेलं.
श्रीहरीमामा

*

त्सुकुबा
१५ डिसेंबर २०२४

ती. स्व. मामांस सा. न. वि. वि.

दुसरा कागद सापडला. क्राकूवच्या एका ग्रंथालयात आहे. झारेम्बाने तो आपल्या भावाला पाठवला होता आणि मागे चार ओळी लिहिल्या होत्या. तिथल्या बाईंनी आमच्या पद्धतीने फोटो घेऊन पाठवले आणि मागच्या ओळींचं इंग्रजी भाषांतरही. दोराची जाडी मी वीस ठिकाणी मोजली. त्यांच्या कागदावर दोर आमच्यापेक्षा बारीक आणि सलग आहे, म्हणजे तो आधीचा. त्याचं आभाळ पूर्ण कोरं आहे. अवरक्त प्रकाशातही.

तुमचं म्हणणं आता मोजून झालं.

नऊ ओळीही त्या बाईंनी ओळखल्या. ती माणसांची नावं नाहीत. वॉर्सा ते लुब्लिन या रस्त्यावरची गावं आहेत आणि पुढे डाकगाडी पोचायच्या वेळा. सार्वजनिक ठिकाणी लावायचा तक्ता. आम्ही सहा महिने एका वेळापत्रकाभोवती शोधनिबंध लिहीत होतो.

भावाला लिहिलेल्या ओळी अशा आहेत, की कामगार गेले, काही सैन्यात आणि काही कुठे ते माहीत नाही. दगड मी स्वतः घासतो. वाळू गोठलेली असते, ती चुलीवर भाजून घ्यावी लागते. अकरा दगड उरले आहेत. हे पहिलं छापलेलं तुला पाठवतो, पुढचे याच्याइतके चांगले येतील असं वाटत नाही.

पुढच्याच वर्षी छापखाना बंद झाला. तो लुब्लिनला परत गेला, शाळेत मुलांना चित्रकला शिकवली, दोन चर्चमधली चित्रं रंगवली. त्यातलं एक जळलं. १८५४ मध्ये वारला. त्याचा एकही दगड आज उरलेला नाही, कारण प्रत्येक दगड पुढच्या चित्रासाठी घासला गेला. मला यातलं वेळापत्रक जास्त खरं वाटतं. लपवलेल्या यादीपेक्षा त्यातून त्याचा तो हिवाळा नीट कळतो. पण प्रदर्शनाच्या जाहिरातीवर हे छापता येत नाही.

मंगळवारी सेन्सेईंना सांगितलं. ते रागावले नाहीत. त्यांनी दोन्ही फोटो शेजारी ठेवून पाहिले आणि म्हणाले की खरं आहे. दुसऱ्या दिवशी मला बोलावलं. दुरुस्तीची टीप छापावीच लागेल, असं त्यांनी सांगितलं. अर्जही वाचवता येईल. विषय थोडा बदलायचा, अर्धवट घासलेल्या दगडांचा अभ्यास असं म्हणायचं. अडचण एकच आहे. ज्याच्या नावाने अर्ज त्याच्याच नावावर चूक असू नये, समिती ते पाहते. म्हणून टिपेत लिहायचं, की चुकीचा निष्कर्ष विद्यार्थ्याने केलेल्या प्राथमिक प्रक्रियेतून निघाला. अपूर्वाचं नाव येणार नाही, पण गटात विद्यार्थिनी एकच आहे. तिला अजून वेळ आहे, तरुणपणी असं होतं, लोक विसरतात, असं ते म्हणाले. हे त्यांनी अतिशय सौम्यपणे सांगितलं. त्यांना मला ठेवायचं आहे. तेही खरं आहे.

अपूर्वाची प्रक्रिया बरोबर होती. हेतुपुरस्सर हा शब्द माझा आहे. तिने तेव्हा विचारलं होतं, की ताई, इतक्या खात्रीने लिहायचं का? मी लिहू या म्हणाले होते.

मी सेन्सेईंना विचार करून सांगते म्हणाले. जानेवारीअखेर टीप पाठवायची आहे. अपूर्वाला काही माहीत नाही. ती शेजारच्या टेबलावर बसते आणि रोज चार वाजता मला कॉफी विचारते.

तुम्हाला फक्त कळवायचं होतं. सल्ला मागत नाही. थकले आहे, त्यामुळे अक्षर खराब आलं आहे. इथला वारा कोरडा आहे, सायकलवर डोळ्यांतून पाणी येतं.

आहे तसा लोभ ठेवावा.
सुरुची

*

सांगली
३ जानेवारी २०२५

चि. सुरुचीस आशीर्वाद.

हे पत्र मामीला दाखवलेलं नाही. वाचून फाडून टाक. त्सुकुबात कचऱ्याचे सतरा प्रकार आहेत म्हणतेस, ज्यात बसेल त्यात टाक.

तू सल्ला मागितला नाहीस, मी देत नाही. माझं एक सांगायचं राहिलं आहे, ते सांगतो. अठ्ठावन्न वर्षं कुणाला सांगितलेलं नाही.

१९६६ साली आमच्या प्रेसकडे एका व्यापाऱ्याच्या लक्ष्मीच्या कॅलेंडरचं काम आलं होतं. चार हजार कागद, मोठा दगड. त्याच दगडावर आधी विडीच्या बंडलाची लेबलं छापलेली. दगड घासायला आम्ही दोघं होतो, मी आणि गुणवंत. गुणवंत माझ्याहून तीन वर्षांनी मोठा, मला हे काम त्यानेच शिकवलं. प्रत्येकाने आपण घासलेल्या दगडाच्या कडेला खडूने आपली खूण करायची, अशी पद्धत होती.

तो शनिवार होता. दगड माझ्याकडे होता. मला पाच वाजता निघायचं होतं. रविवारी सकाळी मिरजेला मुलगी बघायला जायचं होतं आणि त्याआधी शर्ट शिंप्याकडून आणायचा होता. जाड वाळू झाली, मध्यम झाली, बारीक मी केलीच नाही. दगड ओला केला की जुनं दिसतं, वाळला की लपतं. मी वाळलेला बघितला आणि निघालो. खूण करायचीही राहिली.

रविवारी मुलगी बघितली. ती तुझी मामी.

सोमवारी छपाई सुरू झाली. नऊशे कागदांपर्यंत सगळं ठीक होतं. मग लक्ष्मीच्या डोक्यामागच्या आभाळात विडीच्या लेबलावरचा वाघ दिसायला लागला. मालक खाली आले, दगडाची कड बघितली. कडेला गुणवंतची मागच्या खेपेची खूण तशीच होती. माझी नव्हतीच. मालकांनी त्याच्याकडे बघितलं. त्याने माझ्याकडे बघितलं. मी शाईचा डबा उचलून आत गेलो.

मी खोटं बोललो नाही, सुरुची. मला कुणी विचारलंच नाही. त्याला त्याच दिवशी काढलं. नंतर तो साखर कारखान्यावर लागला असं ऐकलं. मी पुढे दगडावरून छपाईवर गेलो, छपाईवरून ऑफसेटला, फोरमन म्हणून निवृत्त झालो. बाजारात तो दोनदा दिसला. दोन्ही वेळा मी रस्ता बदलला.

तुझ्या झारेम्बाने वाळू भाजून घेतली आणि तरी कमी पडली. त्याला थंडी होती, मला शर्ट होता.

यातून तू काय घ्यायचं ते मी सांगणार नाही. माझी नोकरी टिकली, संसार झाला, निहार शिकला. हेही खरंच आहे, ते लपवत नाही. तू नोकरी ठेवलीस तर मी तुला एक शब्द बोलणार नाही, मला तो अधिकार नाही.

जपून राहा. पत्र आलं नाही तरी माया आटत नाही.
श्रीहरीमामा

*

त्सुकुबा
९ फेब्रुवारी २०२५

ती. स्व. मामांस सा. न. वि. वि.

पत्र फाडलं. जळणाऱ्या कचऱ्यात टाकलं.

२४ जानेवारीला सेन्सेईंना टीप दिली. तीन परिच्छेद आहेत. तिसऱ्यात लिहिलं आहे, की प्रतिमांची प्रक्रिया अचूक होती, अक्षरं हेतुपुरस्सर काढल्याचा निष्कर्ष सुरुची देशमुख यांचा होता आणि तो चूक होता. सेन्सेईंनी ते वाचलं. परिणाम समजतात का, असं विचारलं. समजतात, असं मी म्हणाले. ते उठून खिडकीपाशी गेले आणि पार्किंगकडे बघत राहिले. मग त्यांनी टीप आपल्या हाताने पाकिटात घातली आणि मला म्हणाले, "मी तुमच्या वयाचा असताना माझ्या चुकीखाली सही केली नव्हती." कुठली चूक ते मी विचारलं नाही.

अर्ज त्याच आठवड्यात मागे घेतला. नेमणूक ३१ मार्चला संपेल. पुण्यात दोन ठिकाणी लिहिलं आहे, एकाचंही उत्तर नाही. आईला काल सांगितलं. ती म्हणाली, मग आता तरी काही दिवस झोप.

प्रदर्शन ठरल्या दिवशी उघडलं. जाहिराती परत छापल्या नाहीत, सोनेरी अक्षरांवर नवी पट्टी चिकटवली. पट्ट्या निशिओ-सान, अपूर्वा आणि मी चिकटवल्या, चारशे दहा. शेवटची पट्टी चिकटवताना निशिओ-सान यांनी विचारलं, की डाकगाडी लुब्लिनला वेळेवर पोचायची का? मी म्हणाले, त्याची नोंद नाही.

अपूर्वाला टीप छापायला गेल्यावर दाखवली. सगळा प्रस्ताव सांगितला नाही, पण ती सांगितलेल्यावरून न सांगितलेलं काढते. तिने तिसरा परिच्छेद दोनदा वाचला. मग म्हणाली, ताई, आकृती दोनमधल्या मोजपट्टीवर आकडा चुकला आहे. चुकला होता. आम्ही तो दुरुस्त केला. चार वाजता तिने कॉफी विचारली नाही, आणून ठेवली.

मला बरं वाटतं आहे असं लिहिलं तर ते अचूक होणार नाही. सकाळी उठल्यावर पहिला विचार घराचा येतो. नंतर दिवसभर काही वाटत नाही. मोठ्या सामानाचा कचरा नेणारी गाडी २७ मार्चची मिळाली आहे. पलंग, टेबल आणि भात शिजवायचं यंत्र त्यात जाईल.

तुमच्या पत्राबद्दल मला काही म्हणायचं नाही. एकच विचारते. गुणवंतकाका हयात आहेत का?

मामींना नमस्कार सांगा. माझ्यावरचा लोभ इथला पत्ता बदलला तरी पोचेल, असं बघावं.
सुरुची

*

सांगली
९ मार्च २०२५

चि. सुरुचीस अनेक आशीर्वाद.

हयात आहे. कुपवाडला मुलाकडे असतो. पत्ता काढायला दोन दिवस लागले, जायला आठ. रोज सकाळी काहीतरी निघायचं. एकदा मामीचा गुडघा, एकदा माझं कानाचं मशीन. शेवटी गुरुवारी मामीनेच विचारलं, की रोज धुतलेला शर्ट घालून कुठे जायचं राहतंय? तिला सगळं सांगितलं. ती म्हणाली, मला बघायला आलात तेव्हा तो शर्ट तुम्हाला खांद्यात घट्ट होता. आणि रिक्षा बोलावली.

गुणवंत अंगणात खुर्चीवर होता. सत्त्याऐंशी पूर्ण. हात थरथरतात, डोळे चांगले आहेत. लांबूनच त्याने मला ओळखलं आणि नाव घेतलं. माझ्या मशीनमध्ये सगळं नीट ऐकू येत होतं, नेमकं त्या दिवशी.

वाटेत मी वाक्यं ठरवली होती. ती आली नाहीत. मी म्हणालो, तो लक्ष्मीचा दगड माझा होता. तो म्हणाला, माहीत आहे. मी विचारलं, कधीपासून? तेव्हा त्याने जे सांगितलं ते तुला जसंच्या तसं लिहितो. "सोमवारीच. तू उद्या सांगशील, परवा सांगशील म्हणून मी दोन महिने दुसरीकडे काम धरलं नाही."

ते दोन महिने त्यांनी काय खाल्लं हे मी विचारलं नाही. त्याच्या सुनेने चहा आणला, एकच कप. मी येईन हे तिला कुठे माहीत होतं? ती दुसरा आणायला वळली, तर त्याने तिला थांबवलं. अर्धा चहा बशीत ओतला, बशी स्वतःकडे ठेवली आणि कप माझ्याकडे सरकवला.

तुझ्या पुण्याच्या उत्तरांची मामी आणि मी दोघंही वाट बघतो आहोत. विमानाचा दिवस कळव. लोभाचं काय लिहायचं, तू ये.
श्रीहरीमामा